जुनी फाईल, नवा क्लास: डिसीरियलायझेशनमध्ये फील्डं नीट कशी वाचायची

ऑब्जेक्ट डिस्कवर जतन करणं म्हणजे सीरियलायझेशन आणि तो परत वाचणं म्हणजे डिसीरियलायझेशन. हे परत वाचणं जावात दोन-तीन ओळींचं काम आहे. ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम उघडायची, तिची रीडऑब्जेक्ट मेथड बोलवायची आणि हाती आलेला ऑब्जेक्ट आपल्या क्लासमध्ये कास्ट करायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये एवढ्यावर भागतं, कारण लॅबमध्ये फाईल लिहिणारा क्लास आणि वाचणारा क्लास एकच असतो. चालू धंद्यातल्या प्रोग्रॅमचं तसं नसतं. फाईल तीन वर्षांपूर्वीची असते आणि क्लास गेल्या आठवड्यात बदललेला असतो. अशा वेळी कोणतं फील्ड कुठून येतं, कोणतं येतच नाही आणि न आलेल्या फील्डाच्या जागी काय ठेवायचं, हे ज्याला कळतं त्यालाच डिसीरियलायझेशन कळलं असं मी मानतो.

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडून बेळगावात बीसीएला नाहीतर इंजिनिअरिंगला येणारी पुष्कळ मुलं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात. सीरियलायझेशनचा धडा त्यांनी इंग्रजीतून पाठ केलेला असतो आणि परीक्षेत लिहिलेलाही असतो. पुढं एखाद्या सोसायटीचा, पतसंस्थेचा किंवा उद्यमबागेतल्या कारखान्याचा जुना प्रोग्रॅम हातात पडला की पहिला फोन येतो, "सर, फाईल वाचेना झालीय." हा लेख त्यांच्यासाठी आहे.

उदाहरण गावातलंच घेऊ. एका दूध संकलन केंद्रावर जावात लिहिलेला छोटा प्रोग्रॅम आहे. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात आणि प्रत्येक नोंदीचा एक ऑब्जेक्ट होतो. क्लासचं नाव दूधनोंद. पहिल्या आवृत्तीत त्याला पाच फील्डं होती: क्रमांक हा पूर्णांक, नाव ही स्ट्रिंग, लिटर आणि फॅट हे डबल (म्हणजे दशांश संख्या), आणि तारीख हा डेट. पुढं तीन बदल झाले. फॅटबरोबर एसएनएफही (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजायला लागले, म्हणून एसएनएफ हे डबल आलं. पावती आधी फक्त मराठीत निघायची, नंतर कन्नडमध्येही लागली, म्हणून भाषा ही स्ट्रिंग आली. आणि शेजारच्या गावचं केंद्र यात मिळाल्यावर दोन्हीकडे बारा नंबरचा सभासद निघाला, म्हणून पूर्णांकी क्रमांक जाऊन "खानापूर-१२" असा सभासदकोड आला.

या लेखात फील्डांची नावं देवनागरीत आहेत. जावाला ती चालतात, पण प्रत्यक्ष कामात रोमन नावं ठेवा, म्हणजे टीममधल्या कन्नड सहकाऱ्यालाही वाचता येतील. जावाच्या स्वतःच्या मेथडची नावं उच्चाराप्रमाणं लिहिली आहेत. एडिटरमध्ये दोन अक्षरं टाकली की पूर्ण स्पेलिंग तो सुचवतोच.

पायरी १: फाईलमध्ये काय आहे ते डोळ्यांनी बघा

कोडला हात लावण्याआधी फाईल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाईट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. लिनक्सवर एक्सएक्सडी ही कमांड पुरते. जावाच्या सीरियलायझेशनची फाईल असेल तर पहिले चार बाईट "एसी ईडी ०० ०५" असेच दिसतील. पहिले दोन म्हणजे ओळखीची खूण, पुढचे दोन म्हणजे फॉरमॅटची आवृत्ती. त्यानंतर "७३", म्हणजे इथून ऑब्जेक्ट सुरू, आणि "७२", म्हणजे त्याच्या क्लासचं वर्णन सुरू.

हे वर्णन सावकाश वाचा. आधी क्लासच्या नावाची लांबी आणि नाव. मग आठ बाईटचा एक आकडा, त्याच्याबद्दल पुढच्या पायरीत बोलू. मग एक बाईट खुणांचा आणि दोन बाईटमध्ये फील्डांची संख्या. आपल्या जुन्या फाईलमध्ये इथं "०० ०५" दिसेल. पुढं एकेक फील्ड: टाईपचं एक अक्षर (पूर्णांकाला आय, डबलला डी, ऑब्जेक्टला एल), मग नावाची लांबी, मग नाव. "लिटर" हे नाव देवनागरीत ठेवलं असेल तर लांबी "०० ०सी" म्हणजे बारा दिसते. ल, वेलांटी, ट आणि र ही चार चिन्हं, आणि प्रत्येकाला तीन बाईट. प्रिमिटिव्ह टाईपची (पूर्णांक, डबल, बूलियन अशी साधी) फील्डं आधी, ऑब्जेक्ट नंतर, आणि दोन्ही गटांत नावाच्या क्रमानं. तुम्ही क्लासमध्ये कोणत्या क्रमानं लिहिली होती याच्याशी त्याचा संबंध नाही. वर्णन संपलं की मग किंमती येतात, त्याच क्रमानं.

फाईलमध्ये काय नाही तेही बघा. मेथड नाहीत, कन्स्ट्रक्टर नाही, फील्डाला दिलेली सुरुवातीची किंमत नाही. स्टॅटिक (क्लासच्या मालकीची) आणि ट्रान्झियंट (जतन करू नका अशी खूण केलेली) फील्डं नाहीत. फाईलला फक्त नाव, टाईप आणि किंमत माहीत असते. आजचा तुमचा क्लास तिनं पाहिलेला नाही.

पायरी २: आवृत्तीचा आकडा जुळवा

तो आठ बाईटचा आकडा म्हणजे सीरियलव्हर्जनयूआयडी. तुम्ही क्लासमध्ये तो लिहिला नसेल तर जावा क्लासचं नाव, इंटरफेस, फील्डं, मेथड असं सगळं घेऊन स्वतः काढतं. त्यामुळं एखादी साधी पब्लिक मेथड वाढवली तरी आकडा बदलतो, आणि वाचताना इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन येतं, जरी फील्डं जशीच्या तशी असली तरी.

या एररच्या मजकुरात दोन आकडे असतात, फाईलमधला आणि तुमच्या क्लासमधला. फाईलमधला उचला आणि नव्या क्लासमध्ये प्रायव्हेट स्टॅटिक फायनल लाँग म्हणून लिहा, शेवटी एल लावून. जुनी जार फाईल हाताशी असेल तर जेडीकेमधली सीरियलव्हर ही कमांड तिच्यावर चालवा, तोच आकडा मिळेल. जुन्याच क्लासवर चालवायची, नव्यावर नाही.

आकडा जुळवणं म्हणजे "ही फाईल माझीच आहे, पुढं बघू" एवढंच जावाला सांगणं. फील्डांचा प्रश्न त्यानं सुटत नाही. उलट खरा प्रश्न आता सुरू होतो, कारण आतापर्यंत निदान एरर तरी येत होती.

पायरी ३: काहीच केलं नाही तर काय होतं ते समजून घ्या

तुम्ही स्वतःची काही सोय केली नाही तर जावा फाईलमधलं नाव आणि क्लासमधलं नाव जुळवत जातं. फाईलमध्ये आहे पण क्लासमध्ये नाही, ते फील्ड टाकून दिलं जातं, कोणतीही सूचना न देता. दोन्हीकडे आहे पण टाईप वेगळा, तर प्रिमिटिव्हच्या बाबतीत इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन आणि ऑब्जेक्टच्या बाबतीत सहसा क्लासकास्टएक्सेप्शन. क्लासमध्ये आहे पण फाईलमध्ये नाही, तर शून्य, फॉल्स किंवा नल.

शेवटचा प्रकार सगळ्यात घातक आहे, म्हणून तिथं थांबतो. नव्या क्लासमध्ये तुम्ही लिहिलं की भाषा या फील्डाची सुरुवातीची किंमत "दोन्ही". न्यू म्हणून केलेल्या प्रत्येक नोंदीत ती बरोबर येते. जुन्या फाईलमधून आलेल्या नोंदीत मात्र भाषा नल असते. कारण डिसीरियलायझेशन तुमच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालवत नाही, आणि फील्डाला शेजारीच दिलेली सुरुवातीची किंमतही कन्स्ट्रक्टरबरोबरच लागत असते. सीरियलायझेबल नसलेला जो सगळ्यात जवळचा वरचा क्लास असेल, फक्त त्याचा विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टर चालतो. बहुतेक वेळा तो ऑब्जेक्ट हा मूळ क्लासच असतो.

भाषा नल असली तर पावती छापताना नलपॉइंटरएक्सेप्शन येईल, काउंटरवर दोन मिनिटं खोळंबा होईल, आणि चूक सापडेल. एसएनएफचं तसं नाही. ते डबल आहे, म्हणून जुन्या नोंदीत ते ०.० येतं. आता दराचा तक्ता फॅट आणि एसएनएफ दोन्ही बघतो. गाईच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून ठरतो आणि त्याखाली गेलं की कापला जातो. शून्य एसएनएफच्या नोंदीला तक्ता सगळ्यात खालचा दर लावेल. कुठेही एरर नाही, बिल निघतं, आणि मागच्या महिन्याचा फरक काढताना एखाद्या सभासदाचे पैसे कमी दिसतात. ज्या घराचा महिना दुधाच्या बिलावर चालतो त्या घरात हे शून्य जाऊन बसतं. म्हणून फील्ड वाचण्याचं काम मी कधीच जावाच्या भरवशावर सोडत नाही.

पायरी ४: स्वतःची रीडऑब्जेक्ट मेथड लिहा

इथं नवशिक्यांचा एक गोंधळ हमखास होतो. रीडऑब्जेक्ट नावाच्या दोन मेथड आहेत. एक स्ट्रीमची, पब्लिक, जी तुम्ही बाहेरून बोलवता. दुसरी तुमच्या क्लासमधली, प्रायव्हेट, जी स्ट्रीम आतून बोलवते. आपण दुसरीबद्दल बोलतोय.

तिची सही अगदी ठरलेली आहे: प्रायव्हेट, व्हॉइड, एकच पॅरामीटर आणि तो ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम. थ्रोजमध्ये आयओएक्सेप्शन आणि क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन लिहा. तुम्ही ती पब्लिक केली किंवा नावात एक अक्षर चुकवलं तर कंपाइलर अडवत नाही. ती एक साधी मेथड समजली जाते आणि कधीच चालत नाही. जावा १४ पासून तिच्यावर सीरियल हे ॲनोटेशन लावता येतं. ते लावा, आणि कंपाइल करताना एक्सलिंटमधला सीरियल हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे अलीकडचे कंपाइलर चुकीच्या सहीबद्दल इशारा देतात.

आत पहिलं काम फील्डं वाचण्याचं. त्याला दोन रस्ते आहेत. डिफॉल्टरीडऑब्जेक्ट ही मेथड सगळी फील्डं एकदम भरून टाकते, पायरी ३ मधल्याच नियमांनी. रीडफील्ड्स ही मेथड काहीच भरत नाही. ती गेटफील्ड नावाचा एक ऑब्जेक्ट देते, आणि त्याला तुम्ही नावानं एकेक किंमत विचारता. दोन्ही एकत्र चालत नाहीत. एक बोलावल्यावर दुसरी बोलावली तर नॉटॲक्टिव्हएक्सेप्शन येतं, फील्डं आधीच वाचली आहेत म्हणून.

क्लासमध्ये फक्त भर पडली असेल आणि शून्य-नल चालणार असेल तर पहिला रस्ता पुरे. बाकी सगळीकडे दुसरा घ्या.

पायरी ५: गेटफील्डला नावानं विचारा

आपल्या मेथडचा गाभा असा असेल. वर्गात फळ्यावर वाचून दाखवावा तसा लिहितो:

गेटफील्ड जुनं = इन.रीडफील्ड्स();
लिटर = जुनं.गेट("लिटर", ०.०);
फॅट = जुनं.गेट("फॅट", ०.०);
भाषा = (स्ट्रिंग) जुनं.गेट("भाषा", "मराठी");

गेटचा पहिला पॅरामीटर नाव, दुसरा म्हणजे फाईलमध्ये ते फील्ड नसेल तर काय धरायचं. नव्या नोंदीसाठी आपण "दोन्ही" धरलं होतं, आणि इथं "मराठी" लिहिलं. असं का? कारण ती फाईल लिहिली गेली तेव्हा पावती मराठीतच निघत होती. इथं लिहायची किंमत आजच्या पसंतीची नसते, फाईल लिहिली त्या दिवशी जे खरं होतं ती असते. सगळी फील्डं वाचताना हाच प्रश्न स्वतःला विचारा: त्या दिवशी काय खरं होतं?

दुसरी गोष्ट दिसायला बारीक आहे, पण दिवस खाते. गेटच्या नऊ ओव्हरलोड (नाव एकच, पॅरामीटर वेगळे अशा मेथड) आहेत, आठ प्रिमिटिव्हच्या आणि एक ऑब्जेक्टची. त्यातली कोणती निवडायची ते कंपाइलर दुसऱ्या पॅरामीटरच्या टाईपवरून ठरवतो. तुम्ही फॅटसाठी ०.० ऐवजी नुसतं ० लिहिलं तर पूर्णांकाची ओव्हरलोड निवडली जाते. ती "फॅट नावाचं पूर्णांकी फील्ड" शोधते, ते नसतं, आणि चालताना इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं. कंपाइलला सगळं हिरवं दिसतं, कारण पूर्णांक डबलमध्ये ठेवायला जावाची हरकत नसते. डबलला ०.०, लाँगला शून्यापुढं एल, फ्लोटला शून्यापुढं एफ. हा नियम पाळलात तर अर्धी डोकेदुखी गेली.

आणि एक. फाईलमध्ये भाषा हे फील्ड आहे पण त्यात नलच जतन झालं असेल तर गेट नलच देतं, तुमची "मराठी" नाही. तुमची किंमत फक्त फील्ड मुळात नसेल तेव्हाच लागते. म्हणून स्ट्रिंग वाचल्यावर नल आहे का ते वेगळं तपासा.

आता एसएनएफ. इथं काय लिहायचं? ०.० चूक हे वर पाहिलं. साडेआठ लिहावं असा मोह होतो, कारण मग बिल "नीट" दिसतं. पण त्या दिवशी एसएनएफ मोजलंच नव्हतं, आणि साडेआठ हा आकडा आपण बनवलेला असेल. खरं उत्तर आहे "माहीत नाही". ते ठेवायला क्लासमध्ये एसएनएफमोजलं असं एक बूलियन फील्ड घाला. गेटफील्डची डिफॉल्टेड ही मेथड नाव घेऊन सांगते की ते फील्ड फाईलमध्ये होतं की नव्हतं. डिफॉल्टेड ट्रू आलं तर एसएनएफमोजलं फॉल्स करा, आणि दर काढणारा कोड अशा नोंदीला जुना, फक्त फॅटचा तक्ता लावेल. एसएनएफ आलं पण एसएनएफमोजलं नाही, अशी मधल्या काळातली फाईल असू शकते. तिथं बूलियन ट्रू धरायचं.

हे बूलियन ट्रान्झियंट ठेवू नका. जुनी नोंद वाचून तुम्ही ती नव्या क्लासनं परत जतन केलीत की त्या नव्या फाईलमध्ये एसएनएफ हे फील्ड असणारच, किंमत ०.०. पुढच्या वेळी डिफॉल्टेड फॉल्स सांगेल. "माहीत नाही" ही माहिती एका जतनात नाहीशी होईल, जर ती स्वतः फाईलमध्ये गेली नसेल तर.

पायरी ६: नाव किंवा टाईप बदललेलं फील्ड

पूर्णांकी क्रमांक जाऊन स्ट्रिंग आली. हे करताना जुन्याच नावाला नवा टाईप देऊ नका. क्रमांक हेच नाव ठेवून टाईप स्ट्रिंग केलात तर तुमच्या रीडऑब्जेक्टपर्यंत गोष्ट पोचणारच नाही. क्लासचं वर्णन जुळवतानाच टाईप विसंगत म्हणून एक्सेप्शन येईल. टाईप बदलला की नाव बदला. म्हणून सभासदकोड.

आता क्लासमध्ये क्रमांक नाही, पण जुन्या फाईलमध्ये आहे आणि आपल्याला तो हवा आहे. आणि नव्या फाईलमध्ये तो नसेल, तेव्हा गेटला "क्रमांक" विचारलं तर कुठंच न सापडलेल्या नावाबद्दल इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन येईल. यावर जावानं दिलेली सोय म्हणजे सीरियलपर्सिस्टंटफील्ड्स. हे एक प्रायव्हेट स्टॅटिक फायनल ॲरे आहे, ऑब्जेक्टस्ट्रीमफील्ड या टाईपचं. त्यात तुम्ही स्वतः यादी देता की या क्लासची फाईलमधली फील्डं कोणती: लिटर, फॅट, नाव, तारीख, भाषा, एसएनएफ, एसएनएफमोजलं, सभासदकोड, आणि जुना पूर्णांकी क्रमांकही. क्लासमध्ये क्रमांक नावाचा व्हेरिएबल नसला तरी चालतं.

मग वाचताना: सभासदकोड डिफॉल्टेड असेल तर क्रमांक पूर्णांक म्हणून वाचा आणि पुढं "खानापूर-" लावा, कारण ती फाईल लिहिली तेव्हा खानापूरचं एकच केंद्र होतं. नसेल तर सभासदकोड सरळ वाचा.

याची एक किंमत आहे. यादीत व्हेरिएबल नसलेलं नाव आलं की आपोआप जतन करणं बंद पडतं. जावा "अनमॅच्ड सीरियलायझेबल फील्ड्स" असं म्हणत इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन देतं. म्हणून राईटऑब्जेक्टही स्वतः लिहावी लागते. पुटफील्ड्स बोलवायचं, त्याला नाव-किंमत देत जायचं, शेवटी राईटफील्ड्स. पुटच्या बाबतीतही टाईपचा तोच नियम. यादीतलं एखादं नाव पुट करायचं राहिलं तर त्याजागी शून्य किंवा नल जतन होतं, म्हणून दोन्ही मेथड शेजारी शेजारी ठेवा आणि बदल दोन्हीकडे एकाच वेळी करा.

पायरी ७: वाचलेलं तपासा, मगच ऑब्जेक्ट बाहेर जाऊ द्या

कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही लिहिलेलं असतं की लिटर शून्यापेक्षा जास्त, फॅट शून्य ते पंधराच्या आत, तारीख नल नाही. डिसीरियलायझेशनमध्ये यातलं काहीच चालत नाही. तेच नियम एका प्रायव्हेट मेथडमध्ये काढा आणि ती कन्स्ट्रक्टर आणि रीडऑब्जेक्ट दोन्हीकडून बोलवा. नियम मोडला तर इनव्हॅलिडऑब्जेक्टएक्सेप्शन फेका, आणि मजकुरात कोणतं फील्ड, काय किंमत हे स्पष्ट लिहा. "डेटा चुकीचा" एवढाच मजकूर रात्री साडेनऊला फोनवरून कुणाच्या उपयोगाचा नसतो.

तारीख हा डेट बदलता येणारा ऑब्जेक्ट आहे. वाचलेली तारीख तशीच न ठेवता तिची नवी प्रत करून ठेवा, आणि तपासणी त्या प्रतीवर करा. ट्रान्झियंट फील्डं, उदाहरणार्थ लिटर आणि दरावरून काढलेली रक्कम, इथंच परत मोजून भरा.

फायनल फील्ड असेल तर अडचण येते. डिफॉल्टरीडऑब्जेक्ट फायनलमध्येही किंमत भरू शकतं, पण तुम्ही रीडऑब्जेक्टमध्ये हातानं भरायला गेलात तर कंपाइलर अडवतो. इथं दोनच सरळ मार्ग आहेत: फायनल काढा, किंवा रीडरिझॉल्व्ह ही मेथड लिहून कन्स्ट्रक्टरनं केलेला नवा ऑब्जेक्ट परत द्या. नवा प्रोग्रॅम लिहीत असाल तर रेकॉर्ड (फक्त माहिती धरून ठेवणारे छोटे क्लास) वापरा, जे जावा १६ मध्ये पक्के झाले. रेकॉर्ड वाचताना त्याचा मुख्य कन्स्ट्रक्टर खरोखर चालतो, म्हणजे तुमची तपासणी आपोआप होते. न आलेल्या घटकाला तिथंही शून्य किंवा नलच मिळतं, आणि रेकॉर्डमध्ये लिहिलेली रीडऑब्जेक्ट मात्र चालत नाही.

वारशाबद्दल थोडक्यात. प्रत्येक क्लासची रीडऑब्जेक्ट फक्त आपल्या क्लासची फील्डं वाचते. वरच्या क्लासची त्याची तो वाचतो, आणि आधी वाचतो. वरच्याची फील्डं खालच्यात वाचायला जाऊ नका.

एनमची वेगळी गोष्ट

आपल्या जिल्ह्याच्या नावामुळं हा प्रश्न इथल्या प्रोग्रॅममध्ये खरोखर येऊ शकतो, म्हणून लिहितो. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची सरकारी नावं बदलली. बेळगावचं इंग्रजीतलं बेलगाम जाऊन बेळगावी झालं, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुरा. समजा तुमच्या प्रोग्रॅममध्ये शहर नावाचा एनम (ठरावीक नावांची यादी असलेला टाईप) आहे आणि त्यात बेलगाम हा कॉन्स्टंट आहे. सरकारी नाव बदललं म्हणून तुम्ही कॉन्स्टंटचं नावही बदललंत.

एनम जतन होताना त्याची फील्डं जात नाहीत, फक्त कॉन्स्टंटचं नाव जातं. वाचताना ते नाव एनममध्ये सापडलं नाही की इनव्हॅलिडऑब्जेक्टएक्सेप्शन. एनममध्ये रीडऑब्जेक्ट लिहून उपयोग नाही, जावा ती बघतच नाही. म्हणून कॉन्स्टंटचं नाव बदलू नका. पडद्यावर आणि पावतीवर दिसणारं नाव एनमच्या आत वेगळ्या फील्डमध्ये ठेवा आणि ते हवं तेव्हा बदला. दोन कॉन्स्टंट ठेवायचेच असतील तर जुन्याला नव्यात बदलण्याचं काम ज्या क्लासमध्ये तो एनम फील्ड म्हणून आहे त्याच्या रीडऑब्जेक्टमध्ये करा.

पायरी ८: जुन्या फाईल सांभाळून ठेवा आणि त्यांच्यावर टेस्ट चालवा

क्लासला हात लावण्याआधी आजच्या कोडनं तीन-चार नोंदी जतन करा: एक साधी, एक नाव नल असलेली, एक फॅट शून्याच्या जवळ असलेली. त्या फाईल गिटमध्ये, टेस्टच्या फोल्डरमध्ये, आवृत्तीच्या नावानं ठेवा. मग बदल करा. टेस्टमध्ये प्रत्येक जुनी फाईल वाचा आणि प्रत्येक फील्ड तपासा: भाषा "मराठी" आली का, एसएनएफमोजलं फॉल्स आहे का, सभासदकोड "खानापूर-१२" झाला का. मग तोच ऑब्जेक्ट परत जतन करा, परत वाचा, आणि त्याच गोष्टी पुन्हा तपासा. एका जतनात हरवणारं "माहीत नाही" या दुसऱ्या फेरीतच पकडलं जातं. सभासदांची खरी नावं असलेली फाईल मात्र गिटमध्ये टाकू नका, टेस्टसाठी बनावट नोंदी करा.

फाईल कुठून आली तेही बघा

वरचं सगळं आपणच लिहिलेल्या फाईलबद्दल झालं. केंद्राकेंद्रांतून पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेली फाईल जशीच्या तशी वाचायला घेऊ नका. फाईलमध्ये कोणत्या क्लासचे ऑब्जेक्ट आहेत ते फाईलच ठरवते, आणि तुमची कास्ट करण्याची ओळ येण्याआधीच त्या क्लासची रीडऑब्जेक्ट चालून गेलेली असते. २०१५ मध्ये ॲपॅची कॉमन्स कलेक्शन्स या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतले क्लास जोडून कितीतरी सर्व्हरवर बाहेरचा कोड चालवता येतो हे जगासमोर आलं, ते याच वाटेनं.

जावा ९ पासून ऑब्जेक्टइनपुटफिल्टर आहे. स्ट्रीम उघडल्यावर, पहिली रीडऑब्जेक्ट बोलवण्याआधी, तिला फिल्टर लावा: दूधनोंद, डेट आणि तुम्ही वापरता तेवढे संग्रहाचे क्लास चालतील, बाकी सगळे नाकारा. नकाराची खूण म्हणजे यादीच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि तारा. पहिल्यांदा लावताना एखादा हक्काचा क्लास विसरला तर वाचताना "रिजेक्टेड" अशी एरर येईल. कोणता क्लास अडला ते बघा, तो आपला आहे याची खात्री करा, आणि मगच यादीत घाला.

दोन केंद्रांमध्ये माहितीची ने-आण रोजचीच होणार असेल तर त्यासाठी सीरियलायझेशन वापरू नका. साधी जेसन नाहीतर सीएसव्ही फाईल द्या-घ्या आणि ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरनंच घडवा. "त्या दिवशी काय खरं होतं" हा प्रश्न तिथंही विचारावा लागतो, पण उत्तर लिहायला सरळ जागा मिळते. पायथॉनमध्ये पिकल (ऑब्जेक्ट जतन करण्याची तिथली सोय) वापरणाऱ्यांनाही हेच लागू: तिथंही इनिट, म्हणजे तिथला कन्स्ट्रक्टर, सहसा चालत नाही, आणि जुन्या फाईलमध्ये नसलेली ॲट्रिब्यूट सेटस्टेट या मेथडमध्ये स्वतः भरावी लागतात.